स्तनावरचे ‘इसब’ की कर्करोगाची चाहूल?

स्तनाचा कर्करोग म्हणजे गाठ, हे समीकरण बहुतेकांच्या मनात पक्के बसले आहे. मात्र या रोगाचे काही प्रकार गाठीच्या रूपाने नव्हे, तर खाज, खपल्या, लाली आणि सूज अशा त्वचारोगाच्या वेषात समोर येतात. अशा वेळी एकामागून एक मलमे बदलण्यात मोलाचे महिने निघून जातात. साधे इसब आणि कर्करोग यांतला फरक कसा ओळखावा, तपासणीचा आग्रह केव्हा धरावा, याचा हा आढावा.

सुरुवात अगदी किरकोळ असते. एका बाजूच्या स्तनाग्रावर थोडी खाज सुटते, त्वचा कोरडी पडते, कोंड्यासारखे पापुद्रे निघतात. मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरात घाम, घट्ट अंतर्वस्त्रे, कपडे धुण्याची नवी पावडर अशी कारणे लगेच सुचतात. आधी खोबरेल तेल लावले जाते, मग हळदीचा लेप. त्याने भागले नाही की घराजवळच्या औषधांच्या दुकानातून एखादी मलमाची नळी आणली जाते. आठवडाभरात खाज कमी होते आणि विषय मागे पडतो. महिन्याभराने तोच चट्टा पुन्हा उगवतो. या वेळी त्यातून किंचित लस येते, खपली धरते, आतल्या कपड्याला डाग पडतो. दुसरी नळी आणली जाते. या साऱ्यात सहा महिने, कधी वर्षही निघून जाते. गाठ हाताला लागत नसल्यामुळे कर्करोगाची शंका मनाला शिवतही नाही.

असे चट्टे बहुतेक वेळा खरोखरच इसबाचे किंवा बुरशीच्या संसर्गाचे असतात, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. खाज सुटली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु काही स्त्रियांच्या बाबतीत हाच चट्टा स्तनाच्या आत दडलेल्या कर्करोगाची बाहेर दिसणारी एकमेव खूण असतो. वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘स्तनाचा पॅजेट रोग’ म्हणतात. स्तनाच्या एकूण कर्करोगांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे १ ते ३ टक्के आहे. हा आकडा लहान वाटेल. पण २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक पातळीवरील अंदाज आहे. ते ध्यानात घेतले, तर एक-दोन टक्के म्हणजे दरवर्षी काही हजार स्त्रिया होतात.

दीडशे वर्षांपूर्वीचे निरीक्षण

या रोगाला नाव मिळाले ते सर जेम्स पॅजेट (१८१४-१८९९) या ब्रिटिश शल्यविशारदांचे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात काम करणारे पॅजेट हे व्हिक्टोरिया राणीचेही शल्यविशारद होते. १८७४ मध्ये त्यांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. स्तनाग्र आणि त्याभोवतीच्या काळसर वर्तुळावर दीर्घकाळ टिकणारा, इसबासारखा दिसणारा चट्टा असलेल्या सुमारे १५ स्त्रियांची हकिकत त्यात होती. बहुतेक स्त्रिया ४० ते ६० या वयोगटातल्या होत्या. त्या सर्वांना पुढे जास्तीत जास्त दोन वर्षांत, बहुतेकींना वर्षभरातच, त्याच स्तनाचा कर्करोग झाल्याचे पॅजेट यांनी नोंदवले.

त्यांचे आणखी एक निरीक्षण फार मार्मिक होते. कर्करोग त्या बिघडलेल्या त्वचेत प्रथम निर्माण झाला नव्हता. तो स्तनाच्या आत, त्वचेपासून काही अंतरावर होता आणि मधला भाग वरकरणी निरोगी दिसत होता. त्वचेचा दीर्घकाळचा क्षोभ आतल्या ग्रंथीत कर्करोग घडवून आणत असावा, असा तर्क पॅजेट यांनी केला. निरीक्षण अचूक होते, तर्क मात्र उलटा ठरला. त्वचेमुळे आत कर्करोग होत नाही. आधीपासून आत असलेला कर्करोग त्वचेपर्यंत पोहोचतो, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात.

त्वचेपर्यंतचा प्रवास

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात आणि त्यांतले दूध दुग्धनलिकांवाटे स्तनाग्रापर्यंत येते. स्तनाचे बहुसंख्य कर्करोग या नलिकांच्या आतल्या अस्तरात सुरू होतात. काही रुग्णांमध्ये कर्कपेशी नलिकेच्या आतूनच सरकत स्तनाग्राच्या त्वचेत शिरतात आणि तिच्या थरांमध्ये विखुरतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी मोठ्या, गोलसर आणि फिकट दिसतात. त्यांना ‘पॅजेट पेशी’ म्हटले जाते. त्यांच्या शिरकावामुळे त्वचेची वीण उसवते. तिचे संरक्षक आवरण सुटू लागते, ओलसर लालसर पृष्ठभाग उघडा पडतो, त्यातून लस पाझरते आणि वर खपली धरते. डोळ्यांना दिसणारे चित्र हुबेहूब इसबाचे असते.

पॅजेट रोग झालेल्या रुग्णांपैकी ८० ते ९० टक्क्यांहून अधिक जणींच्या स्तनात खोलवर कर्करोग असतो. काहींमध्ये तो नलिकेच्या भिंतीआडच थांबलेला, म्हणजे अगदी प्राथमिक अवस्थेतला असतो, तर काहींमध्ये त्याने आजूबाजूच्या भागात शिरकाव केलेला असतो. त्यांपैकी साधारण निम्म्या जणींनाच गाठ हाताला लागते. उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत त्वचेवरचा चट्टा हाच काय तो इशारा. म्हणूनच या चट्ट्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नसते. थोड्या रुग्णांमध्ये मात्र आत कर्करोग सापडत नाही; त्यांच्यात या पेशी त्वचेतच तयार होत असाव्यात, असे मानले जाते.

इसब आणि पॅजेट : फरक कोणता?

नुसत्या नजरेने खात्रीचे निदान करणे अनुभवी त्वचारोगतज्ज्ञांनाही कठीण जाते. तरीही काही खुणा शंका घ्यायला पुरेशा असतात.

पहिली खूण बाजूची. इसब बहुधा दोन्ही स्तनांवर असते. पॅजेट रोग जवळजवळ नेहमीच एका बाजूला असतो. एकाच स्तनाग्रावर दीर्घकाळ टिकलेला चट्टा त्यामुळे अधिक संशयास्पद मानला जातो.

दुसरी खूण सुरुवातीच्या जागेची. इसब सहसा स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळावर सुरू होते आणि पुष्कळदा स्तनाग्राला स्पर्शही करत नाही. पॅजेट रोगाची वाटचाल याच्या उलट असते. तो आधी स्तनाग्रावर दिसतो, मग वर्तुळावर पसरतो आणि पुढे आजूबाजूच्या त्वचेवर जातो. चट्टा कुठून सुरू झाला हे रुग्णाने नीट आठवून सांगितले, तर डॉक्टरांना त्याची मोठी मदत होते.

तिसरी खूण कडेची. इसबाची कड पुसट असते. चट्टा कुठे संपतो आणि निरोगी त्वचा कुठे सुरू होते, हे नेमके सांगता येत नाही. पॅजेटच्या चट्ट्याची कड बहुधा स्पष्ट, रेखीव असते.

चौथी खूण औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादाची. योग्य उपचार मिळाले की इसब साधारण दोन आठवड्यांत उतरू लागते. पॅजेटचा चट्टा जात नाही. क्वचित फिकट होतो, खाज थांबते, आणि मलम बंद केले की पुन्हा डोके वर काढतो. या तात्पुरत्या आरामानेच सर्वाधिक फसगत होते. मलमातल्या स्टेरॉइडमुळे वरचा दाह शमतो, आतल्या कर्कपेशींवर त्याचा काहीच परिणाम होत नाही.

पाचवी खूण आकाराची. स्तनाग्र चपटे होणे, आत ओढले जाणे, त्याचा काही भाग झिजल्यासारखा दिसणे, त्यातून रक्तमिश्रित किंवा पिवळसर स्राव येणे ही इसबाची लक्षणे नव्हेत. काहींची स्तनाग्रे जन्मापासूनच आत वळलेली असतात. ती चिंतेची बाब नाही. पूर्वी सरळ असलेले स्तनाग्र अलीकडे आत गेले असेल, तर मात्र ते दाखवलेच पाहिजे.

याखेरीज शरीराच्या इतर भागांकडेही पाहावे लागते. कोपराच्या घडीत किंवा गुडघ्याच्या मागे, मानेवर इसब असलेल्या, लहानपणापासून दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असलेल्या व्यक्तीच्या स्तनावरही इसब असण्याची शक्यता अधिक. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती रात्री वाढणारी खाज असेल आणि घरातल्या इतरांनाही तोच त्रास असेल, तर ती खरूज असू शकते. स्त्रियांमध्ये खरूज स्तनाग्राभोवतीही होते. स्तनाच्या खालच्या घडीत घामामुळे होणारा लालसर, ओलसर चट्टा बहुधा बुरशीचा असतो. सोरायसिस झालेल्यांच्या अंगावर अन्यत्रही चंदेरी खपल्या आढळतात.

बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातांच्या बाबतीत स्तनाग्राला भेगा पडणे, दुखणे नेहमीचेच असते. बाळाला नीट धरण्याची पद्धत समजली की बहुतेकींचा त्रास थांबतो. मात्र एकाच बाजूची जखम अनेक आठवडे भरून येत नसेल, तर ‘दूध तुटले की बरे होईल’ म्हणून थांबू नये.

विलंब का होतो?

विलंबाचे पहिले कारण संकोच. स्तनाविषयी नवऱ्याशी किंवा सासूशी बोलणेही जिथे अवघड, तिथे परक्या डॉक्टरांना दाखवणे लांबच राहते. घरातल्या सर्वांचे डबे, औषधे, परीक्षा सांभाळणारी स्त्री स्वतःच्या खाजेसाठी रजा काढून दवाखान्यात जाण्याचे टाळते. दुखत तर नाही ना, मग कशाला, हा विचार त्यामागे असतो.

दुसरे कारण सहज मिळणारी मलमे. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक अशी तिन्ही औषधे एकत्र असलेली मलमे आपल्याकडे गल्लोगल्ली वर्षानुवर्षे विकली गेली. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेली अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ‘मागच्या वेळची नळी द्या’ एवढे सांगून औषध घेण्याची सवय सुटलेली नाही. चेहऱ्यावर या मलमांचे दुष्परिणाम लगेच दिसतात. स्तनावर मात्र ती खऱ्या रोगावर पांघरूण घालतात.

तिसरे कारण जनजागृतीच्या स्वरूपात आहे. ऑक्टोबर महिना स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा म्हणून पाळला जातो. फलक, फेऱ्या, व्याख्याने होतात. त्या सर्वांचा भर ‘गाठ शोधा’ या संदेशावर असतो. तो योग्यच आहे, कारण बहुसंख्य रुग्णांत गाठच आधी सापडते. परंतु गाठ नाही म्हणजे धोका नाही, असा उलटा अर्थ त्यातून काढला जातो आणि तो घातक ठरतो.

चौथी अडचण तपासणीच्या टप्प्यावर येते. शंका आली म्हणून मॅमोग्राफी होते, तिच्यात काही दिसत नाही आणि सारे निर्धास्त होतात. पॅजेट रोगात मॅमोग्राफी निर्दोष येऊ शकते, विशेषतः गाठ नसेल तेव्हा. अहवाल चांगला आला तरी चट्टा कायम असेल, तर त्वचेचा तुकडा तपासल्याशिवाय प्रकरण मिटवता येत नाही.

दुसरा बहुरूपी : दाहक कर्करोग

पॅजेट रोग संथ असतो. त्वचारोगाचा किंवा संसर्गाचा भास निर्माण करणारा दुसरा प्रकार मात्र विलक्षण वेगवान आहे. त्याला ‘दाहक स्तनकर्करोग’ म्हणतात. स्तनाच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण साधारण १ ते ५ टक्के असून तुलनेने कमी वयाच्या स्त्रियांमध्येही तो आढळतो.

यात काही आठवड्यांतच एक स्तन सुजतो, जड होतो, दुसऱ्यापेक्षा मोठा दिसू लागतो. त्वचा लालसर आणि हाताला गरम लागते. तिच्यावरची रंध्रे खोलगट दिसू लागतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. स्पष्ट गाठ बहुधा नसते. लाली किंवा सूज स्तनाच्या किमान एक तृतीयांश भागावर पसरलेली असणे आणि लक्षणे सहा महिन्यांच्या आत झपाट्याने वाढलेली असणे, हे निदानाचे निकष मानले जातात.

सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ही लाली ठसठशीत दिसत नाही. त्वचा जांभळट, नेहमीपेक्षा गडद किंवा नुसती जाड झालेली भासते. पुस्तकातल्या गोऱ्या त्वचेच्या छायाचित्रांशी तुलना केल्यास आपल्याकडे फसगत होण्याचा संभव अधिक असतो. लालीपेक्षा सूज, जाडी आणि दोन्ही स्तनांतला फरक यांकडे लक्ष देणे म्हणूनच श्रेयस्कर.

नावात ‘दाह’ असला तरी हा जंतुसंसर्ग नव्हे. त्वचेखाली रसवाहिन्यांचे बारीक जाळे असते आणि ऊतींमधले जादा पाणी त्यांतून वाहून नेले जाते. कर्कपेशींचे पुंजके या वाहिन्यांमध्ये अडकून त्या तुंबवतात. पाणी साठते, त्वचा फुगते, मात्र केसांची मुळे असतात त्या ठिकाणी ती जखडलेली राहते. त्यामुळे मधे मधे खळगे दिसतात आणि संत्र्याच्या सालीचा आभास निर्माण होतो.

अंगावर पाजणाऱ्या मातेचा स्तन जंतुसंसर्गाने सुजतो तेव्हा लाली, उष्णता, ठणका ही लक्षणे तशीच असतात. त्यामुळे दोहोंची गल्लत होते. संसर्गात बहुधा ताप येतो, कधी पू होतो आणि प्रतिजैविके सुरू केल्यावर काही दिवसांतच उतार पडतो. प्रतिजैविकांचा योग्य क्रम देऊनही आठवडा-दहा दिवसांत फरक पडला नाही, तर औषध बदलत बसण्याऐवजी तुकडा तपासणीचा निर्णय घेतला पाहिजे. बाळंतपणाशी किंवा स्तनपानाशी काहीही संबंध नसलेल्या, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीचा स्तन अचानक सुजला, तर सुरुवातीपासूनच सावध राहावे लागते.

आपल्याकडे आणखी एक शक्यता लक्षात घ्यावी लागते, ती क्षयाची. स्तनाचा क्षय विरळ असला तरी भारतात आढळतो आणि त्यातही सूज, जखमा, वाहणारी छिद्रे दिसतात. जंतुसंसर्ग नसतानाही स्तनाला सूज आणणारे अन्य विकार आहेत. या सर्वांचे उपचार परस्परांपासून अगदी भिन्न असल्याने अंदाजाने औषध देणे येथे धोक्याचे ठरते.

तुकडा तपासणी : भीती आणि वस्तुस्थिती

दोन्ही प्रकारांत निदानाचा निर्णायक मार्ग एकच, तो म्हणजे बायॉप्सी. त्वचेचा भाग इंजेक्शनने बधिर करून तीन-चार मिलिमीटर व्यासाचा तुकडा काढला जातो. काही मिनिटांचे हे काम असते. रुग्णालयात राहण्याची गरज पडत नाही. एखादा टाका पडतो किंवा तोही पडत नाही. विकृतिशास्त्रज्ञ हा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि पॅजेट पेशी अन्य विकारांतल्या पेशींपासून वेगळ्या ओळखण्यासाठी विशेष रंजकद्रव्यांचा वापर करतात. संप्रेरकांना या पेशी प्रतिसाद देतात का आणि त्यांच्यात ‘हर-२’ या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले आहे का, हेही त्याच वेळी तपासले जाते. पुढच्या उपचारांची दिशा त्यावरूनच ठरते.

‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ ही समजूत अजूनही जागोजागी ऐकू येते. तिला आधार नाही. उलट निदानाविना गेलेला काळ रोगाला पसरण्याची संधी देतो.

निदान निश्चित झाले की दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, गरजेनुसार एमआरआय, काखेतल्या ग्रंथींची तपासणी असे टप्पे येतात. दाहक कर्करोगात तो शरीरात अन्यत्र पोहोचला आहे का, हे पाहण्यासाठी अधिक चाचण्या कराव्या लागतात, कारण निदानाच्या वेळी सुमारे एक तृतीयांश रुग्णांत तो दूरवर गेलेला असतो.

उपचार बदलले

पॅजेट रोगासाठी एके काळी संपूर्ण स्तन काढून टाकणे हाच उपाय होता. आजही आतला कर्करोग विस्तृत असेल तर तो करावा लागतो. रोग मर्यादित असल्यास मात्र स्तनाग्र, भोवतालचे वर्तुळ आणि त्याखालचा रोगग्रस्त भाग काढून उर्वरित स्तन वाचवता येतो. त्यानंतर रेडिएशन दिले जाते. पॅजेट रोगात ‘हर-२’ प्रथिनाचे प्रमाण पुष्कळदा वाढलेले असते. त्यावर नेमका मारा करणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध खर्चिक होते. २०१४ पासून भारतात त्याची देशी बनावटीची आवृत्ती उपलब्ध झाली. गाठ तयार होण्याआधी, कर्करोग नलिकेतच असताना निदान झाले, तर रोगमुक्तीची शक्यता उत्तम असते.

दाहक कर्करोगात क्रम वेगळा असतो. तो निदानाच्या वेळीच किमान तिसऱ्या टप्प्यातला मानला जातो. आधी केमोथेरपी देऊन सूज आणि रोग आटोक्यात आणले जातात, मग शस्त्रक्रिया होते आणि शेवटी रेडिएशन. घाईघाईने आधीच शस्त्रक्रिया केल्यास रोगाचे अंश मागे राहण्याचा धोका असतो. अमेरिकेतील नोंदींनुसार या प्रकारात पाच वर्षांहून अधिक काळ जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे. अन्य प्रकारांपेक्षा ते बरेच कमी असल्याने येथे प्रत्येक आठवड्याला किंमत आहे.

पुरुषांनाही धोका

पुरुषांच्या छातीतही थोड्या प्रमाणात स्तनऊती असतात आणि त्यांनाही स्तनाचा कर्करोग होतो. प्रमाण अत्यल्प असले तरी पॅजेट रोगाची नोंद पुरुषांमध्येही झालेली आहे. पुरुषाच्या स्तनाग्रावर न भरणारी जखम असेल, तर तिला नायटा समजून मलम चोळत राहणे तितकेच चुकीचे.

प्रशिक्षित हाताचे मोल

यंत्रांशिवायही लवकर निदान साधता येते का, याचा शोध मुंबईतच घेतला गेला. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये शहरातल्या झोपडवस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ या वयोगटातल्या सुमारे दीड लाख स्त्रियांना त्यात सामावून घेण्यात आले. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने आणि नजरेने तपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी झालेल्या गटात कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडला आणि ५० वर्षे व त्यापुढील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. ५० वर्षांखालील गटात मृत्यूंमध्ये अशी घट दिसली नाही. भारतीय स्त्रियांना हा रोग पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा साधारण दशकभर आधी गाठतो, हे पाहता तरुण वयातल्या लक्षणांकडे स्वतः लक्ष ठेवण्याला पर्याय नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमाअंतर्गत तिशीपुढील स्त्रियांची मुख, गर्भाशयमुख आणि स्तनाच्या कर्करोगासाठी सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी केली जाते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचाही समावेश आहे. कुटुंबाला खर्चाची धास्ती वाटून तपासणी लांबणीवर पडत असेल, तर शासकीय किंवा महापालिकेच्या रुग्णालयातील समाजसेवा विभागात आधी चौकशी करावी.

त्वचेची पाहणी करायला विशेष ज्ञान लागत नाही. महिन्यातून एकदा, पाळी सुरू झाल्यापासून आठव्या-दहाव्या दिवशी, पाळी थांबलेल्यांनी कोणताही एक दिवस ठरवून, पुरेशा उजेडात आरशासमोर उभे राहावे. आधी हात सैल सोडून, मग डोक्यावर उंचावून आणि शेवटी कमरेवर दाबून दोन्ही स्तन न्याहाळावेत. रंग, आकार, खळगा, स्तनाग्राची दिशा यांत गेल्या महिन्यापेक्षा काही बदल आहे का, एवढेच पाहायचे. अंतर्वस्त्रावर डाग दिसला, तर तो धुऊन विसरून जाऊ नये. डॉक्टरांकडे जाताना चट्टा केव्हा, कुठे सुरू झाला, आतापर्यंत कोणती मलमे किती दिवस लावली, याची टिपणे आणि त्या नळ्या सोबत न्याव्यात. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेल्या औषधाने ठरलेल्या मुदतीत गुण आला नाही, तर ‘बायॉप्सी करावी का?’ हा प्रश्न रुग्णाने स्वतःहून विचारावा. तो विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

- एकाच स्तनाग्रावरील खाज, खपल्या किंवा लस येणारा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा होत नसल्यास.
- मलमाने गेलेला चट्टा त्याच जागी पुन्हा आल्यास.
- स्तनाग्र नव्याने आत ओढले गेल्यास, चपटे झाल्यास किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव येत असल्यास.
- एक स्तन काही आठवड्यांत सुजून जड, गरम, लालसर किंवा गडद झाल्यास.
- त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसत असल्यास किंवा तिच्यावर खळगा पडल्यास.
- प्रतिजैविके घेऊनही आठवडा-दहा दिवसांत सूज उतरत नसल्यास.
- काखेत किंवा गळपट्टीच्या हाडाजवळ गाठ जाणवल्यास.
- मॅमोग्राफीचा अहवाल निर्दोष असूनही त्वचेवरील लक्षणे कायम राहिल्यास.